मोठा टब घ्यावा की छोटा?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

चित्रपटगृहातल्या खाण्यापिण्याच्या किमतींबद्दल पत्रे सतत येत असतात. बहुतेकांचा सूर एकच असतो: इतके महाग का? काही वाचक मात्र पुढे जाऊन कढईत काय पडते, ग्लासात किती पेय असते, कोणता आकार परवडतो असे नेमके विचारतात. या वेळचे सदर त्या सगळ्यांसाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न: मक्याचे दाणे किराणा दुकानात स्वस्तात मिळतात. तेच चित्रपटगृहात फुलवून दिले की कित्येक पटींनी महाग होतात. मधला पैसा जातो कुठे?

तुमचा संशय खरा आहे. टबातल्या मक्याची किंमत अगदीच मामुली असते. त्याचे कारण म्हणजे मका किलोवर विकत घेतला जातो आणि लिटरवर विकला जातो. चित्रपटगृहांसाठीच्या चांगल्या जातीच्या एक किलो दाण्यांतून साधारण ४० लिटर पॉपकॉर्न निघतो. म्हणजे चार लिटरच्या भल्यामोठ्या टबात फक्त शंभरेक ग्रॅम मका, त्याच्या एक तृतीयांश तेल आणि थोडे बारीक मीठ एवढाच ऐवज असतो. बरेचदा आतल्या मालापेक्षा पुठ्ठ्याचा टबच महाग पडतो.

मग उरलेला पैसा कुठे जातो हे कळायला तिकिटाकडे पाहावे लागते. तिकिटाचे पैसे चित्रपटगृहाचे एकट्याचे नसतात. त्यातला मोठा वाटा, अनेकदा निम्म्याच्या आसपास, चित्रपटाच्या वितरकाकडे जातो. मोठा चित्रपट असेल तर पहिल्या आठवड्यात वितरकाचा वाटा आणखी वाढतो आणि पुढच्या आठवड्यांत उतरत जातो. गर्दी मात्र पहिल्याच आठवड्यात असते. खाऊच्या काउंटरवर जमलेल्या पैशात वितरकाला वाटा नसतो. जागेचे भाडे, वातानुकूलन, प्रोजेक्टर आणि सफाई यांचा खर्च दुपारच्या रिकाम्या खेळालाही तितकाच येतो, आणि त्याचा मोठा भार काउंटर उचलतो. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांबद्दल अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेला ढोबळ हिशेब असा: एकूण उत्पन्नात खाण्यापिण्याचा वाटा सुमारे २० टक्के, पण नफ्यात सुमारे ४० टक्के.

काउंटरचा स्वतःचाही एक खर्च आहे, तो सहसा नजरेत येत नाही. विक्रीची खरी वेळ म्हणजे खेळाआधीची पंधरा-वीस मिनिटे आणि मध्यंतर. त्या थोड्या वेळात शेकडो माणसे हाताळायची तर जास्त माणसे, जास्त यंत्रे आणि जास्त खिडक्या लागतात, आणि एरवी त्या बसून राहतात. पगार मात्र पूर्ण पाळीचा द्यावा लागतो. त्यामुळे एका टबावरचा ढोबळ नफा पाहून मालक सगळेच खिशात घालतो असे धरणे चुकीचे ठरेल. तरीही, हे सगळे जमेला धरूनसुद्धा काउंटरवरची किंमत खर्चावरून ठरत नाही. गिऱ्हाईक किती देईल यावरून ती ठरते. ती चढी वाटते, कारण ती चढीच असते.

प्रश्न: तिकीट थोडे वाढवून खाणे स्वस्त केले तर सगळेच खूश होणार नाहीत का?

चित्रपटगृह होणार नाही. तिकीट वाढवले की वाढीचा मोठा भाग वितरकाकडे जातो, खाणे स्वस्त केले की तूट सगळी पदरची. दुसरे असे की चढ्या तिकिटाने जे प्रेक्षक कसेबसे यायला तयार असतात ते दारातच गळतात, आणि रिकामी खुर्ची खेळ सुरू झाल्यावर कवडीमोल होते. त्यापेक्षा तिकीट आवाक्यात ठेवून, ज्यांना जास्त खर्च करायची तयारी आहे त्यांच्याकडून आत गेल्यावर जास्त घेणे मालकाला सोयीचे पडते.

ही नुसती अटकळ नाही. वेस्ली हार्टमन आणि रिकार्ड गिल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी स्पेनमधल्या चित्रपटगृहांची आकडेवारी तपासून २००९ मध्ये हेच दाखवले. ज्या आठवड्यांत प्रेक्षक कमी येतात त्या आठवड्यांत माणशी खाऊची विक्री जास्त होते, म्हणजे काहीही लागले तरी येणारा पक्का प्रेक्षकच काउंटरवर हात सैल सोडतो. या व्यवस्थेत खाऊ न घेणाऱ्याला तिकीट स्वस्तात पडते.

आम्हाला या युक्तिवादात एक खोट दिसते. मुलांना घेऊन आलेले आईवडील जास्त खर्च करतात ते हात सैल असतो म्हणून नव्हे, तर मूल अडीच तास उपाशी बसणार नाही म्हणून. त्यांच्यावर ही किंमत सगळ्यात जड पडते, आणि लहान मुलांसाठी वेगळा, छोटा, खरोखर स्वस्त पुडा ठेवणे कोणत्याही चित्रपटगृहाला अवघड नाही.

प्रश्न: चित्रपट आणि पॉपकॉर्न ही जोडी जमली कधी?

चार्ल्स क्रेटर्स यांनी १८८५ च्या सुमारास शिकागोत वाफेवर चालणारे, चाकांवरून हलवता येणारे पॉपकॉर्नचे यंत्र बनवले, आणि जिथे गर्दी तिथे गाडा अशी विक्री सुरू झाली. गालिचे अंथरलेल्या थाटाच्या चित्रपटगृहांना मात्र हा कचरा नको होता, आणि मूकपटात चावण्याचा आवाज तर मुळीच नको होता. १९२७ नंतर बोलपट आले, पाठोपाठ महामंदी आली. पाच-दहा सेंटला मिळणारी पिशवी बहुतेकांना परवडत असे. आधी विक्रेते दाराबाहेर विकत होते, मग मालकांनी भाडे घेऊन त्यांना आत जागा दिली आणि शेवटी स्वतःचीच यंत्रे बसवली. दुसऱ्या महायुद्धात साखर तुटवड्याची झाली, गोळ्या-चॉकलेटे कमी पडली आणि पॉपकॉर्नला रान मोकळे मिळाले. १९४५ पर्यंत अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या पॉपकॉर्नपैकी निम्म्याहून जास्त चित्रपटगृहांत खाल्ला जात होता.

प्रश्न: काउंटरवर नेहमी सांगतात, "थोडेच जास्त द्या, मोठा टब मिळेल." तो खरंच स्वस्त पडतो का?

मोजून पाहा, फार कठीण नाही. रिकामा टब घरी आणा आणि तीन मापे घ्या: वरच्या तोंडाचा व्यास, बुडाचा व्यास आणि उभी उंची. व्यास निम्मे करून त्रिज्या काढा. वरच्या त्रिज्येचा वर्ग, खालच्या त्रिज्येचा वर्ग आणि दोन्ही त्रिज्यांचा गुणाकार यांची बेरीज करा. तिला उंचीने आणि ३.१४ ने गुणा, तीनने भागा. सेंटिमीटरमध्ये मोजले असेल तर उत्तर घनसेंटिमीटरमध्ये येईल, हजाराने भागले की लिटर.

समजा, मोठ्या टबाचे तोंड १८, बूड १३ आणि उंची १९ सेंटिमीटर आहे. त्यात साधारण ३.६ लिटर मावतात. छोट्याचे तोंड १३, बूड साडेनऊ आणि उंची १५ असेल तर त्यात दीड लिटर. मोठा टब छोट्याच्या जवळजवळ अडीचपट झाला. आता मोठ्याची किंमत छोट्याच्या १.३ पट असेल तर लिटरचा दर मोठ्यात निम्म्याच्या आसपास येतो. विक्रेता खोटे बोलत नसतो.

पण आपण पैसे मोजतो ते पोटात गेलेल्या पॉपकॉर्नसाठी, खुर्चीखाली सोडून आलेल्यासाठी नव्हे. म्हणून एकच आकडा लक्षात ठेवायचा. छोट्या टबाचे लिटर गुणिले किमतीचे प्रमाण, म्हणजे इथे दीड गुणिले १.३, जवळपास दोन लिटर. तुम्ही सगळे मिळून दोन लिटरपेक्षा जास्त खाणार असाल तरच मोठा टब घ्या. एकटा माणूस बहुधा तिथवर पोचत नाही. दोघे मिळून सहज पोचतात.

चित्रपटगृह जास्तीचे दोन लिटर इतक्या स्वस्तात का देते, तर त्यात त्याचा जास्तीचा खर्च पन्नाससाठ ग्रॅम मक्याचा आणि थोड्या तेलाचा आहे. वाढीव किमतीतला जवळजवळ सगळा पैसा त्याला सुटतो. मधला आकार तर पुष्कळदा विकण्यासाठी नसतोच. त्याची किंमत मोठ्याच्या इतकी जवळ ठेवतात की मोठा टब घेण्यातच शहाणपण वाटावे. फलक वाचताना मधली ओळ झाकून फक्त छोटा आणि मोठा यांची तुलना करा, निर्णय सोपा होतो.

प्रश्न: कॉम्बो घ्यावा का?

त्यातली प्रत्येक वस्तू तुम्ही सुटीसुद्धा घेतली असती तर घ्या, एरवी नको. कॉम्बोत सहसा पॉपकॉर्न आणि शीतपेय ही सगळ्यात कमी खर्चाची जोडी असते. फक्त पॉपकॉर्न हवा असताना कॉम्बो घेतला तर वाचवलेले पैसे कागदावरच राहतात. ॲपवरून मागवत असाल तर पैसे भरण्याआधी शेवटची एकूण रक्कम पाहा, सेवाशुल्क आणि कर तिथे मिळवले जातात.

प्रश्न: शीतपेयाच्या ग्लासात अर्धा बर्फच असतो. "बर्फ नको" म्हटले तर पेय कोमट लागेल का?

नाही लागणार. काउंटरवरच्या नळातून येणारे पेय जागच्या जागी तयार होते. खोक्यातल्या पिशवीत घट्ट सिरप असते, त्यात बहुतेक पेयांसाठी एक भागाला पाच भाग या प्रमाणात गार सोडापाणी मिसळते. वायू पाण्यात नीट विरघळावा म्हणून हे पाणी चार अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून थंड ठेवावेच लागते. पाणी जरा गरम झाले तर ग्लासात नुसता फेस येतो. म्हणजे बर्फ घातला नाही तरी पेय गारच असते.

बर्फाने ग्लास काठोकाठ भरला तर पेय साधारण निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंतच मावते. "बर्फ दोन-तीन खडे" असे सांगणे सगळ्यात बरे: पहिला तासभर गारवा टिकतो आणि शेवटी पाणचट होत नाही. काही ठिकाणी यंत्र ठरलेले मापच सोडते, तिथे बर्फ कमी केल्याने पेय वाढणार नाही, ग्लास तेवढा रिकामा दिसेल.

पेय फिके, पांढरट आणि नुसते जिभेला झोंबणारे लागले तर खोक्यातले सिरप संपत आले आहे. गोड आहे पण बुडबुडे नाहीत, तर वायूची टाकी संपली आहे किंवा पाणी पुरेसे थंड नाही. दोन्ही दोष यंत्राचे आहेत. ग्लास तिथल्या तिथे परत करा आणि दोष नेमका सांगा, काउंटरवरच्या मुलांना लगेच कळते काय बदलायचे ते. आणखी एक: साध्या कोलात दर १०० मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. अर्धा लिटर म्हणजे पन्नास ग्रॅमच्या वर.

प्रश्न: दोघांत वाटून घ्यायला एक रिकामा ग्लास मागितला तर काउंटरवरचा मुलगा नाही म्हणाला. इतका चिक्कूपणा कशाला?

त्या मुलावर रागावू नका. पॉपकॉर्न आणि पेय मोजणे अवघड असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी हिशेब ग्लास आणि टब मोजून ठेवतात. पाळी सुरू होताना किती होते, संपताना किती उरले, आणि जेवढे कमी झाले तेवढी विक्री गल्ल्यात दिसली पाहिजे. एक ग्लास फुकट दिला तर त्या पेयाचे पैसे कुठे गेले हे त्याला विचारले जाते. "पाण्यासाठी छोटा ग्लास" मागा, तो बहुधा वेगळा असतो आणि मोजणीत धरत नाहीत. पॉपकॉर्न वाटून घ्यायचा असेल तर कागदी पिशवीसाठी विचारा, किंवा घरून एक डबा पिशवीत टाका.

टब पुन्हा मोफत भरून देण्याची योजना मालकाला परवडते तीही याच कारणाने. दुसऱ्या वेळी नवा टब जात नाही, आणि चित्रपट सोडून उठणारे थोडेच असतात. अशी योजना असेल तर पहिला टब खेळाआधीच संपवून दिवे मालवण्याआधी भरून घ्या, किंवा निघताना भरून घरी न्या. आधी नियम मात्र वाचा, काही ठिकाणी ती त्या खेळापुरतीच असते.

प्रश्न: बाहेरचे खाणे आत नेऊ न देणे कायदेशीर आहे का?

देशादेशांत याचे उत्तर वेगळे आहे. दक्षिण कोरियात तिथल्या स्पर्धा आयोगाने २००८ मध्ये ही बंदी अन्याय्य ठरवली आणि तेव्हापासून प्रेक्षक बाहेरचे खाणे नेऊ शकतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी उलट निकाल दिला: चित्रपटगृह ही मालकाची खासगी जागा आहे, तिथे बाहेरचे खाणे आणू द्यायचे की नाही हे तो ठरवू शकतो, आणि आतले विकत घ्यायची सक्ती प्रेक्षकावर नसते. मात्र पिण्याचे पाणी मोफत मिळाले पाहिजे आणि तान्ह्या बाळासाठी पालकांना वाजवी प्रमाणात खाणे आणता आले पाहिजे, हेही त्यात आले.

आम्हाला कोरियाची वाट जास्त पटते. खिडकीबाहेर पर्याय उभा राहिला की आतली किंमत आपोआप खाली बघते. पण जिथे बंदी आहे तिथे दारावरच्या रक्षकाशी वाद घालून उपयोग नाही, तो नियम त्याने केलेला नाही. जेवून जा, पाण्याची जागा विचारून घ्या (ती बहुधा स्वच्छतागृहांजवळ असते) आणि तक्रार लेखी करा.

प्रश्न: वडिलांना मधुमेह आहे. त्यांचे खाणे सोबत नेता येईल का?

तिकीट काढण्याआधी फोन करून व्यवस्थापकाला विचारा आणि ज्याच्याशी बोललात त्याचे नाव लिहून ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जवळ असू द्या. साखर उतरल्यावर घ्यायच्या ग्लुकोजच्या गोळ्या हे औषध आहे, त्या पिशवीत न ठेवता खिशातच ठेवा. पिशवी दारात ठेवून घेतली गेली तर अंधारात हाताशी काही नसेल.

प्रश्न: एवढे पैसे देऊन पॉपकॉर्न चिवट निघतो आणि तळाशी दाणेच दाणे. ताजा कसा ओळखावा?

फुललेला पॉपकॉर्न हवेतला ओलावा झपाट्याने शोषतो आणि मग दाताखाली कुरकुरण्याऐवजी चिवटपणे दबतो. काचेच्या उबदार कपाटात तो काही तास बरा टिकतो, उघड्यावर नाही. कढई चालू असताना रांगेत उभे राहणे हा साधा उपाय. गर्दीच्या खेळाआधी अर्धा तास ती हमखास चालू असते. भरणाऱ्याला "कढईखालचा ताजा द्या" असे सांगा. कपाटाच्या तळाचा नको, कारण चुरा, मीठ आणि गणंग, म्हणजे न फुललेले दाणे, तिथेच साठतात.

गणंग राहतात त्याला कारण आहे. दाण्यात तेरा-चौदा टक्के ओलावा असतो. सुमारे १८० अंशांना त्याची वाफ होऊन टरफल फुटते. टरफलाला बारीक चीर असेल तर वाफ निसटते, दाणा जुना होऊन वाळला असेल तर वाफच पुरत नाही. टबात थोडे गणंग असायचेच. मूठभर निघाले तर मका जुना आहे किंवा कढई पुरेशी तापली नव्हती. असा टब आत शिरण्याआधी बदलून मागा, निम्मा खाल्ल्यावर कोणी ऐकत नाही.

वरून लोणी घेणार असाल तर आधी विचारा ते काय आहे. बहुतेक ठिकाणी ते लोण्याच्या वासाचे तेल असते, कारण खऱ्या लोण्यात सोळाएक टक्के पाणी असते आणि पाण्याने पॉपकॉर्न लगेच मऊ पडतो. हवेच असेल तर टब निम्मा भरल्यावर एकदा आणि शेवटी एकदा घालायला सांगा, नाहीतर वरचा थर चिंब आणि खालचा कोरडा राहतो.

प्रश्न: तोच स्वाद घरी येत नाही. काय कमी पडते?

दोन गोष्टी: तेल आणि मिठाची जाडी. बऱ्याच चित्रपटगृहांत पिवळा रंग घातलेले खोबरेल वापरतात. ते २४ अंशांखाली थिजते, म्हणून गार झालेला पॉपकॉर्न हाताला तेलकट लागत नाही. मीठ पिठासारखे बारीक असते. घरचे जाड मीठ दाण्याला चिकटत नाही, तळाशी जाते, आणि मग आपण आणखी घालतो.

जाड बुडाचे चार-पाच लिटरचे पातेले घ्या. त्यात दोन मोठे चमचे खाण्याचे खोबरेल आणि तीन दाणे टाकून मध्यम आच ठेवा. तिन्ही फुटले की ७५ ग्रॅम मका, चिमूटभर हळद आणि मिक्सरमध्ये वाटलेले पाव चमचा मीठ एकदम घाला. झाकण किंचित तिरके ठेवा. पूर्ण बंद केले तर वाफ आत कोंडते आणि पॉपकॉर्न चिवट होतो, इथेच बहुतेकांचे बिघडते. पातेले हलवत राहा. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंदांचे अंतर पडू लागले की लगेच परातीत ओता, थांबलात तर तळ करपतो. अडीच लिटरच्या आसपास पॉपकॉर्न होईल.

गणंग फार राहू लागले तर मका फेकू नका. ६०० ग्रॅम दाण्यांना एक मोठा चमचा पाणी घालून बरणी घट्ट लावा, पाणी मुरेपर्यंत मधूनमधून हलवा आणि दोन-तीन दिवसांनी मूठभर फोडून पाहा. अजून राहत असतील तर आणखी अर्धा चमचा पाणी.